भंगारातला मटेरियल हँडलर शिकताना: झोका, पल्ला आणि अनोळखी वजन

भंगारयार्डातला मटेरियल हँडलर, म्हणजे माल उचलून गाडीत भरणारं मशीन, लांबून पाहिला तर एक्स्काव्हेटरच वाटतो. तसाच बूम म्हणजे मशीनपासून निघणारा मोठा हात, तसाच त्याच्या पुढचा आर्म, तशाच दोन जॉयस्टिक. म्हणून एक्स्काव्हेटर चालवणारा माणूस या मशीनवर बिनधास्त बसतो आणि पहिल्याच पाळीत ग्रॅब, म्हणजे माल पकडणारा पंजा, गाडीच्या फाळक्यावर आपटतो. एक्स्काव्हेटरची बकेट आर्मला पिनांनी जखडलेली असते, आर्म थांबला की तीही थांबते. इथला ग्रॅब आर्मच्या टोकाला दोन दिशांनी हलणाऱ्या सांध्यावर लोंबत असतो. आर्म थांबला तरी तो पुढे जातो.

दुसरा फरक बघून कळत नाही. क्रेनवाला हुक लावण्याआधी वजन विचारून घेतो. भंगारात विचारणार कोणाला? ढिगात ग्रॅब घातला की आत काय आलं, ते किती वजनाचं आहे आणि खाली आणखी कशात अडकलंय, हे उचलल्याशिवाय कळत नाही. दिवसभरात असे शेकडो घास. लोंबणारं टोक ताब्यात ठेवणं आणि अनोळखी वजनाचा अंदाज बांधणं, या दोन गोष्टींतच या मशीनचं बहुतेक शिक्षण आहे. कुठली लिव्हर काय करते ते दोन दिवसांत पाठ होतं.

मशीनची ओळख

खाली टायरचा किंवा चेनचा सांगाडा. भंगारात हवेच्या टायरचं खरं नाही, म्हणून इथे बहुधा भरीव टायर असतात. टायरच्या मशीनला चार कोपऱ्यांवर हायड्रॉलिक पाय असतात, त्यांना आउटरिगर म्हणतात. वर फिरणारा भाग: इंजिन, मागचं काउंटरवेट म्हणजे तोल सांभाळणारं वजन, बूम, आर्म आणि वर उचलता येणारी कॅब. कॅब उंच करता येते ती गाडीत आणि ढिगाच्या पलीकडे बघता यावं म्हणून. टोकाला संत्र्याच्या फोडींसारखा मिटणारा चार किंवा पाच नख्यांचा ग्रॅब, नाहीतर चुंबक म्हणजे मॅग्नेट.

लिव्हरच्या सर्वाधिक चालणाऱ्या मांडणीत, म्हणजे आयएसओ पद्धतीत, डावी जॉयस्टिक पुढे ढकलली की आर्म लांब जातो, मागे ओढली की जवळ येतो, आणि डावी-उजवीकडे केली की मशीन त्या बाजूला फिरतं. उजवी मागे ओढली की बूम वर, पुढे ढकलली की खाली. ग्रॅब उघडणं-मिटणं आणि गोल फिरवणं ही कामं उजव्या जॉयस्टिकची आडवी हालचाल आणि अंगठ्याखालची बटणं यांत वाटलेली असतात, पण ती वाटणी कंपनीनुसार बदलते. एसएई या दुसऱ्या पद्धतीत बूम आणि आर्म यांच्या लिव्हरची अदलाबदल असते. काही मशीनवर एका व्हॉल्व्हने पद्धत बदलता येते, म्हणून नव्या मशीनवर बसल्यावर मोकळ्या जागेत, हळू, एकेक हालचाल करून बघितल्याशिवाय ढिगाकडे वळायचं नाही.

सुरू करण्याआधी

मशीनभोवती पूर्ण चक्कर मारा. इंजिन ऑइल, कूलंट, हायड्रॉलिक तेलाची पातळी. ग्रॅबच्या नख्यांच्या पिना, बुश आणि त्यांचे लॉक. ज्या सांध्यावर ग्रॅब लोंबतो तिथल्या पिना तर रोज हात लावून बघायच्या, कारण खालचं सगळं वजन त्या दोन पिनांवर असतं. ग्रॅबकडे जाणारे होस घासलेत का, कुठे तेलाचा ओलावा आहे का, तेही पाहायचं. गळतीची जागा हाताने चाचपायची नाही. या हायड्रॉलिक लाइनमध्ये 300 बारच्या वर दाब असतो आणि सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून आलेलं तेल हातमोज्यातून थेट कातडीखाली घुसतं. बाहेरून बारीक ठिपका दिसतो, फारसं दुखत नाही, पण आत मांस सडायला लागतं आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून गळती शोधायची.

रेडिएटर आणि इंजिनचा कप्पा यांतला कचरा रोज काढायचा. भंगारात कापूस, फोम, प्लॅस्टिकचे तुकडे उडत असतात. ते तेलाने माखून सायलेन्सरजवळ साठले की या मशीनला आग लागते. मशीन अति तापण्याचं पहिलं कारणही बहुतेक वेळा हाच कचरा असतो.

चढताना दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय, असे तीन आधार कायम हवेत. बसल्यावर पट्टा. कॅब वर घेण्याआधी ती आपत्कालीन स्थितीत खाली आणायचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते बघून ठेवा. कॅब वर असताना इंजिन बंद पडलं तर तोच उपयोगी पडतो, आणि तो शोधायची वेळ तेव्हाची नसते. हेल्परलाही त्याची जागा माहीत हवी.

झोका

नवशिका सगळ्यात जास्त वेळ वाया घालवतो तो ग्रॅब स्थिर होण्याची वाट बघण्यात. म्हणून झोका नीट समजून घेऊ.

ग्रॅबचा गुरुत्वमध्य सांध्याच्या साधारण दीड-पावणेदोन मीटर खाली असतो. एवढ्या लांबीच्या लंबकाला एक पूर्ण झोका घ्यायला जवळजवळ अडीच सेकंद लागतात. लंबकाचा काळ लांबीवर ठरतो, वजनावर नाही, त्यामुळे ग्रॅब रिकामा असो वा भरलेला, हा वेळ फारसा बदलत नाही. शिकणाऱ्याला हे फार सोयीचं आहे. तो ठेका एकदा अंगात भिनला की प्रत्येक घासाला तोच उपयोगी पडतो.

मशीन डावीकडे फिरत असताना एकदम थांबवलं की ग्रॅब डावीकडे पुढे झेपावतो. झोका मारायची पहिली रीत अशी: ग्रॅब पुढच्या टोकाला पोचतो त्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो. नेमकं तेव्हाच बूमचं टोक थोडं पुढे सरकवून ग्रॅबच्या बरोबर डोक्यावर आणायचं. वेग नाही आणि ग्रॅब सरळ खाली, म्हणजे झोका मेला. नवशिका उलट करतो. ग्रॅब पुढे गेला म्हणून घाबरून तो मशीन मागे ओढतो, आणि झोका दुप्पट होतो.

दुसरी रीत त्याहून चांगली, कारण तिच्यात झोका तयारच होत नाही. थांबायच्या जागेआधी फिरण्याचा वेग निम्म्यावर आणायचा, अर्धा झोका होईल इतकं म्हणजे सव्वा सेकंदाच्या आसपास तसंच जाऊ द्यायचं, मग उरलेला वेग काढायचा. पहिल्या कपातीने उठलेला झोका दुसऱ्या कपातीने विझतो. सुरुवात करतानाही हेच दोन टप्पे वापरायचे. अनुभवी ऑपरेटरला हा हिशेब तोंडाने सांगता येत नाही, पण त्याचे हात बघितले तर ते नेमकं असंच करत असतात.

सराव रिकाम्या जागेत करायचा. आधी एकेक हालचाल, मग दोन एकत्र: फिरता फिरता आर्म आत घेणं, बूम उचलता उचलता ग्रॅब फिरवणं. त्यानंतर जमिनीवर एक जुना टायर ठेवून, तो न हलवता ग्रॅबची नखी त्याला टेकवायची. मग टायर उचलून दुसऱ्या टायरवर ठेवायचा, मग तिसरा त्यावर. तीन टायरची उतरंड न पाडता रचता आली की माणूस खऱ्या मालाला हात लावायच्या लायकीचा झाला. वेगाकडे या काळात लक्षच द्यायचं नाही. हात बसला की वेग आपोआप येतो. आधी वेग आणि मग सफाई, हे मात्र होत नाही, धसमुसळेपणाची सवय एकदा लागली की ती मोडायला शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

पल्ला आणि वजन

पल्ला म्हणजे माल मशीनपासून किती लांब आहे ते अंतर. मशीन उलटतं ते वजन आणि पल्ला यांच्या गुणाकाराने. 6 मीटरवरचे 4 टन आणि 12 मीटरवरचे 2 टन मशीनला साधारण सारखेच जड. पल्ला मोजायचा तो मशीन ज्या मध्याभोवती फिरतं तिथून. कॅबमधून बघताना आपण त्या मध्याच्या पुढे बसलेले असतो, म्हणून अंदाज नेहमी कमीच निघतो.

कॅबमध्ये लावलेल्या लोड चार्टवर पल्ला आणि उंचीनुसार आकडे असतात, आउटरिगर टेकवलेले असताना वेगळे आणि वर असताना वेगळे. आयएसओ 10567 या मानकाप्रमाणे हे आकडे मशीन उलटवणाऱ्या वजनाच्या 75 टक्के किंवा हायड्रॉलिक ताकदीच्या 87 टक्के, यांतला जो कमी असेल तो धरून दिलेले असतात. म्हणजे चार्टमध्ये राखीव जागा आहे. ती हिसक्यासाठी आणि उतारासाठी आहे, वापरायला नाही.

चार्टखालची टीप वाचायलाच हवी. आकड्यातून ग्रॅबचं वजन बहुधा वजा केलेलं नसतं. समजा 12 मीटरवर 4 टन लिहिलंय आणि ग्रॅब दीड टनाचा आहे. हातात उरले अडीच टन. हलक्या पत्र्याच्या भंगाराची घनता घनमीटरला अर्ध्या टनाच्या आत-बाहेर असते, त्यामुळे ग्रॅब चोंदून भरला तरी काळजी नाही. पण त्याच ढिगात अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर उंच आणि 1.2 मीटर लांब असा भरीव ठोकळा निघाला तर तो 0.3 घनमीटर, म्हणजे साधारण 2.36 टन. 12 मीटरवर जेमतेम बसतो. गाडी जरा लांब उभी असली तर बसत नाही. आणि हा ठोकळा पत्र्यांच्या घासात निम्मा झाकलेला असू शकतो.

म्हणून पोलादाचे दोन आकडे पाठ हवेत. घनमीटरला 7.85 टन, आणि 1 मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पत्र्याचं वजन 7.85 किलो. दोन मीटर बाय एक मीटर, 25 मिलिमीटर जाड प्लेट दिसली की 2 गुणिले 25 गुणिले 7.85, सुमारे 390 किलो. 200 मिलिमीटर व्यासाचा दोन मीटर लांब शाफ्ट जवळजवळ 500 किलो. जेवणाच्या सुट्टीत यार्डात पडलेल्या तुकड्यांचा अंदाज करायचा आणि काट्यावर ताडून बघायचा. महिन्याभरात डोळा तयार होतो.

जड घास आधी मशीनजवळ ओढून घ्या, मग फिरवा. फिरताना तो जमिनीपासून जास्त उंच नको. बूम उंच असेल तर तो खाली करताना पल्ला वाढतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही: माल खाली ठेवतोय असं वाटत असताना मशीन पुढे कलायला लागतं. आधी आर्म आत, मग बूम खाली. मागचे पाय हलके होत असल्याचं जाणवलं तर फिरवणं थांबवून माल जवळ घेत जमिनीला टेकवायचा. घास हवेतच एकदम सोडला तर मशीन मागे हिसका खातं. आणि मशीन कलंडायला लागलं तरी उडी मारायची नाही. पट्टा लावून आत बसलेला माणूस वाचण्याची शक्यता जास्त, उडी मारणारा बऱ्याचदा कॅबखालीच सापडतो.

आउटरिगर टेकवायचे ते कठीण जमिनीवर, टायरवरचा भार हलका होईपर्यंत. पाऊस झाल्यावर मातीचं यार्ड भरवशाचं नसतं. रुंद प्लेट खाली घालायची आणि दर तासाला कुठला पाय रुतलाय का ते बघायचं.

ढिगातून माल काढताना

ग्रॅब पूर्ण उघडून, सरळ लोंबता ठेवून ढिगावर टेकवायचा. मिटताना नख्या आत शिरतात, त्याच वेळी बूम अगदी थोडा वर घ्यायचा. बूम दाबून धरला तर मशीनचा पुढचा भाग उचलला जातो, नख्या वाकतात आणि घासही नीट भरत नाही.

मिटल्यावर सगळा माल अर्धा मीटर वर घ्या आणि थांबा. ही सवय मला सगळ्यात मोलाची वाटते. त्या एका सेकंदात तीन गोष्टी कळतात: इंजिनच्या आवाजावरून वजन, खाली लोंबणाऱ्या सळ्या आणि तारा, आणि ढीग कुठून हलतोय ते. सळ्यांचे गुंते, वायररोप, लांब पाइप एकमेकांत अडकलेले असतात. एक टोक ओढलं की दहा फुटांवरचं दुसरं काहीतरी उडतं. ताणलेली तार सुटली तर चाबकासारखी येते, आणि वजन एकदम गेल्यामुळे मशीन हिसका खातं. गुंता आला तर माल परत खाली टाकून वेगळ्या बाजूने, लहान घास घ्यायचा.

ढीग वरून खाली उतरवत आणायचा. पायथ्याशी खाणं सोपं वाटतं कारण ग्रॅब कमी उचलावा लागतो, पण वरचा भाग कपारीसारखा लोंबत राहतो आणि केव्हातरी मशीनवर कोसळतो.

मिटलेल्या ग्रॅबने आडवं झाडून माल लोटणं हा खर्चिक प्रकार आहे. ग्रॅब फिरवणारी मोटर आणि तिचं बेअरिंग लोंबत्या वजनासाठी बनवलेलं असतं, आडव्या धक्क्यासाठी नाही. आडवं झाडलं की सील जातात, तेल गळतं, मग बेअरिंग सैल होतं. ग्रॅब हातोड्यासारखा आपटणंही तसंच.

मॅग्नेट

मॅग्नेट मालावर आधी टेकवा, मग करंट द्या, एक-दोन सेकंद थांबा, मग उचला. मोठ्या कॉइलमध्ये चुंबकत्व चढायला वेळ लागतो, घाई केली की कडेचे तुकडे वाटेत पडतात. सोडताना कंट्रोलर थोडा वेळ उलटा करंट देतो, नाहीतर बारीक बुरादा चिकटून राहतो.

सपाट भरीव प्लेट मॅग्नेट टनांनी उचलतो, पण सुट्या भंगारात तुकड्यांमध्ये हवा असल्याने तोच मॅग्नेट काहीशे किलोंवर येतो. दुपारनंतर तो आणखी कमी उचलायला लागला तर दोष ऑपरेटरचा नसतो. कॉइल तापली की तिचा रोध वाढतो, करंट घटतो आणि पकड कमी होते. म्हणून प्रत्येक मॅग्नेटला ड्यूटी सायकल दिलेली असते: 75 टक्के म्हणजे दर दहा मिनिटांत साडेसात मिनिटं चालू, बाकी बंद. गॅसने नुकत्याच कापलेल्या गरम मालावर तो टेकवू नये.

तांबं, पितळ, अॅल्युमिनिअम मॅग्नेटला लागत नाही, आणि 304 सारखं स्टेनलेसही जवळजवळ नाहीच. मिसळलेला माल निवडायला याचा उपयोग होतो. पण मॅग्नेटखाली माणूस कधीही नको: इंजिन बंद पडलं किंवा केबल तुटली की सगळा माल त्याच क्षणी खाली येतो. केबल काढण्याआधी जनरेटर बंद करा, चालू कॉइलचा प्लग ओढला तर मोठा आर्क, म्हणजे विजेच्या ठिणगीचा लोळ, उडतो. पेसमेकर असलेल्या माणसाने मॅग्नेटच्या आसपास थांबू नये.

गाडी भरताना

गाडीचा ड्रायव्हर केबिनमधून उतरून, तुम्हाला दिसेल अशा ठरलेल्या जागी उभा राहिल्याशिवाय पहिला घास उचलायचा नाही. घास गाडीच्या केबिनवरून कधीच न्यायचा नाही. जड माल तळाला आणि लांबीवर सारखा पसरून, हलका वर. मिटलेल्या ग्रॅबने हलकं दाबलं तर चालतं, पण पूर्ण ताकदीने दाबलं तर गाडीचे पाटे आणि एक्सल त्याची किंमत मोजतात. माणूस दिसेनासा झाला की ग्रॅब टेकवून थांबायचं, तो दिसेपर्यंत.

वरून विजेच्या तारा जात असतील तर बूमचं टोक किती अंतर राखणार ते काम सुरू होण्याआधी ठरवा. अमेरिकी नियमात 50 किलोव्होल्टपर्यंतच्या तारेसाठी सुमारे 3 मीटर अंतर सांगितलंय, विजेचा दाब वाढला की अंतर वाढतं. बूम तारेला लागलाच तर कॅबमध्येच बसून राहायचं आणि बाहेरच्यांना ओरडून लांब ठेवायचं. मशीनला आग लागली तरच उतरायचं, तेही मशीन आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता, दोन्ही पाय जोडून उडी मारून, आणि पाय जोडूनच छोट्या उड्या घेत दूर जायचं.

जे ग्रॅबमध्ये येऊ नये

गॅस सिलिंडर, अग्निशामक, झाकण बंद ड्रम, इंधनाच्या टाक्या, कुठलंही बंद भांडं. ग्रॅबच्या दाबाने फुटतं, नाहीतर श्रेडरमध्ये, म्हणजे भंगाराचे तुकडे करणाऱ्या मशीनमध्ये, जाऊन स्फोट होतो. दिसलं की थांबून हेल्परला कळवायचं, माल पुढे ढकलून मोकळं व्हायचं नाही. लिथियम बॅटरी चिरडली की आधी पांढरा धूर आणि शिट्टीसारखा आवाज येतो, मग ज्वाळा. तेवढ्या वेळात त्या भागातला माल उचलून मोकळ्या जागेत काढता आला तर पूर्ण ढीग वाचतो, पण यार्डाने तसं शिकवलेलं असेल तरच.

किरणोत्सर्गी वस्तू ओळखणं सगळ्यात अवघड. 1987 साली ब्राझीलच्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या दवाखान्यातलं रेडिओथेरपी यंत्र भंगारात गेलं, त्यातलं सीझियम-137 बाहेर आलं आणि 4 माणसं दगावली. 2010 साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-60 आलं आणि एकाचा जीव गेला. गेटवर रेडिएशन डिटेक्टर असला तरी शिशाच्या जाड डब्यातला स्रोत त्याला चकवू शकतो. ऑपरेटरकडे दोन खुणा असतात. आकाराच्या मानाने विलक्षण जड अशी लहान वस्तू, आणि तीन पाकळ्यांच्या पंख्यासारखं चिन्ह. दोन्हींपैकी काहीही दिसलं की ती वस्तू दाबायची, कापायची किंवा हलवायची नाही. माणसं लांब करायची आणि सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवायचं.

पाळी संपताना

मशीन सपाट जागी, ढिगापासून लांब. ग्रॅब उघडून जमिनीवर पूर्ण टेकवलेला, कॅब खाली. इंजिन तीन ते पाच मिनिटं भाराशिवाय आयडलवर, म्हणजे टर्बोचार्जर थंड होतो. इंजिन बंद केल्यावर किल्ली चालू ठेवून दोन्ही जॉयस्टिक सगळ्या दिशांना फिरवायच्या, लाइनमधला उरलेला दाब निघून जातो. मग सेफ्टी लिव्हर लॉक आणि बॅटरीचा मुख्य स्विच बंद. उतरल्यावर इंजिनच्या कप्प्यात धूर किंवा जळका वास नाही ना ते बघून, दिवसभरात जाणवलेली प्रत्येक गळती, ढिली पिन आणि वेगळा आवाज पुढच्या पाळीच्या ऑपरेटरसाठी वहीत लिहायचा.